सोहनी सरांची आदर्श टाकी

सोहनी सरांच्या शोकसभेत एकामागून एक वक्ते उठले आणि एकाच्याही तोंडून 'संडास' हा शब्द निघाला नाही. कुणी त्यांना जलतपस्वी म्हणालं, कुणी निसर्गप्रेमी. एका बाईंनी तर सरांचं पाण्याशी हळवं नातं होतं असंही सांगितलं. मी मागच्या खुर्चीवर दात आवळून बसले होते. ज्या माणसानं रिटायर झाल्यावरची सगळी वर्षं संडासातून काय जातं आणि ते कुठे जातं याच्या मागे घालवली, त्याला निरोप देतानाही तुम्ही नाक दाबूनच देणार? म्हणून हे लिहितेय. जेवता जेवता वाचायची सवय असेल त्यांनी आधी जेवून घ्यावं.

सरांच्या घरी गेलं की चहाआधी टाकी दाखवली जायची. पाहुण्यानं चप्पल काढायला पाय उचलला की सर म्हणायचे, "थांबा, आधी दर्शन घेऊन या." घराला वळसा घालून मागे गेलं की गेरूनं रंगवलेली स्लॅब, कडेला पांढरी रेघ आणि दर दिवाळीला सर स्वतः ऑइलपेंट लावायचे ते लोखंडी झाकण. हा सरांचा सेप्टिक टँक. त्याच्यापुढे उभे राहून ते वर्गात शिकवल्यासारखे शिकवायचे. इथे गाळ बसतो, इथून वरचं पाणी पुढे जातं, हा शोषखड्डा, यात खडी, वाळू आणि जमिनीला हवा मिळावी म्हणून पाइप. "घ्या, लांब श्वास घ्या. येतो वास?" पाहुणा बिचारा श्वास घ्यायचा. "नाही ना? पुस्तकाबरहुकूम आहे. कॉलेजातली पोरं पुस्तक वाचून विसरली, मी वाचून खड्डा खणला." एकदा शेजारी मुलगी बघायला आलेल्या मंडळींनाही त्यांनी टाकीचं दर्शन घडवलं. सोयरीक जमली नाही. सर म्हणाले, "बरंच झालं. मुलगा नाकाला रुमाल लावत होता."

दुसरी खोड नखांची. हात मिळवायला पुढे केलात की सर तुमच्या अंगठ्याचं नख दाबून सोडायचे आणि पांढऱ्या पडलेल्या नखात गुलाबी रंग परत येतो का ते चष्मा वर करून बघायचे. आला की म्हणायचे, "रक्त ड्यूटीवर आहे. बसा."

सर इंदूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही, एक बहीण शहरातल्या जुनी इंदूर भागात. रिटायर झाल्यावर त्यांनी गौतमपुऱ्याच्या रस्त्याला हरितकुंज नावाच्या कॉलनीत प्लॉट घेतला. कॉलनी म्हणजे कुणीतरी शेत कापून पाडलेले तुकडे. शहराला कंटाळलेल्या पेन्शनर मराठी माणसांनी ते घेतले आणि प्रत्येकानं पुढे बोरिंग मारलं, मागे सेप्टिक टँक खणला. एकाची मागची बाजू ही दुसऱ्याची पुढची बाजू असते, एवढी साधी भूमिती प्लॉट पाडणाऱ्याला कुणी शिकवली नव्हती. घेणारेही सगळे शिकलेलेच होते, हे मुद्दाम सांगते.

माझी त्यांची ओळख फाटकावर झाली. आमची चार टाळक्यांची संघटना तेव्हा गावोगाव पर्चे वाटत फिरायची. पोलोग्राउंडच्या छापखान्यातून ताजा गठ्ठा उचलून मी हरितकुंजला पोचले होते. 'ज़हर पी रहे हो, जागो!!!' असं वर लाल अक्षरांत होतं. सरांनी पर्चा घेतला, खिशातून पेन काढलं आणि तिथेच उभ्या उभ्या तपासायला लागले.

"ही उद्गारचिन्हं कशाला?"

"लोकांना धक्का बसावा म्हणून, सर."

"उद्गारचिन्हानं पाण्यातलं नायट्रेट कमी होतं?"

"नाही."

"मग खोडतो." आणि त्यांनी खरंच खोडली. "ज़हर कोणतं? कोणत्या बोरिंगमध्ये? कुणी मोजलं?"

"सर, हे सगळ्यांना माहीत आहे!"

"जे सगळ्यांना माहीत असतं ते कुणीच मोजलेलं नसतं, पर्चेवाली." तेव्हापासून मी पर्चेवाली. माझं खरं नाव त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही. "आपल्याकडे एकच नियम. आधी पट्टी, मग पर्चा."

पट्टी म्हणजे नायट्रेट तपासायची कागदी पट्टी. पाण्यात बुडवायची, थोडं थांबायचं. पांढरी राहिली तर ठीक, गुलाबी झाली तर नायट्रेट आहे, आणि बायका साड्यांच्या दुकानात ज्याला राणी कलर म्हणतात तितकी भडक झाली तर ते पाणी बाळाच्या तोंडाला लावायचं नाही. सरांनी मला हे त्यांच्या ओट्यावर बसवून समजावलं. आपल्या पोटातून जे निघतं त्याचं जमिनीत नायट्रेट होतं, ते पाण्यात साखरेसारखं विरघळतं, त्याला वास नाही, चव नाही, रंग नाही. मोठ्या माणसाला सहसा लगेच काही जाणवत नाही. पण काही महिन्यांच्या बाळाचं रक्त त्यानं प्राणवायू वाहायचं विसरतं. ओठ निळसर पडतात, नखं निळसर पडतात. एवढं बोलून सरांनी माझा अंगठा दाबला आणि सोडला.

कॉलनीत त्या वर्षी बाळ एकच होतं, शिरपूरकरांकडे.

शिरपूरकर काका हे बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले आणि हरितकुंजचे अध्यक्ष. त्यांचा प्लॉट सरांच्या प्लॉटला लागून, थोडा उतारावर. त्यांच्या बोरिंगच्या पाण्याचा त्यांना इतका अभिमान की आल्यागेल्याला ग्लास उन्हात धरून दाखवायचे. "देखो भिया, काच है काच! इंदूरमध्ये हजार रुपये मोजा, मिळणार नाही." त्यांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला आली होती. शहरात धूर आहे, इथे हवा शुद्ध, पाणी शुद्ध, म्हणून बाळबाळंतीण दोघं हरितकुंजात. आईचं दूध पुरत नव्हतं, त्यामुळे बाळाला डब्यातली पावडर पाण्यात कालवून दिली जायची. हे ऐकलं आणि सर चहाचा कप तसाच ठेवून उठले. मी मागे.

शिरपूरकर काकू गॅसपुढे उभ्या होत्या. पातेल्यात पाणी खदखदत होतं.

"काय करून राहिल्या, काकू?" मी विचारलं.

"बाळाचं पाणी आटवून राहिली. अर्धं होईपर्यंत ठेवते. माझ्या आईनं सांगितलेलं. आटवलं की पाणी पचायला हलकं होतं."

सरांनी एक पट्टी बोरिंगच्या पाण्यात बुडवली, एक पातेल्यातल्या. बोरिंगची पट्टी राणी कलर. पातेल्यातली त्याच्याही पुढे गेली, वांग्याच्या सालीकडे झुकली.

"अय्या," काकू म्हणाल्या, "माझी महेश्वरी आहे ना, सेम टू सेम हाच काठ!"

"काकू, पाणी आटतं, नायट्रेट आटत नाही. जितकं आटवाल तितकं दाट होतं. तुम्ही बाळासाठी नायट्रेटची बासुंदी करताय."

काका आतून आले. "सर, डराओ मत. उकळलं की सगळं मरतं."

"जे जिवंत असतं ते मरतं. नायट्रेट जिवंतच नाही, मरेल कुठून?"

मला तिथेच घोषणा द्यावीशी वाटली. सरांनी डोळ्यांनी गप्प केलं. दुसऱ्या दिवसापासून ते स्कूटरवर बहिणीकडे जुनी इंदूरला जायला लागले आणि तिथल्या सरकारी नळाच्या पाण्याचा डबा भरून आणायला लागले. आधी ते पाणी पट्टीवर तपासलं. पांढरं.

"नळाचं?" काकूंनी नाक मुरडलं. "आजकाल नळाचा काय भरोसा!"

"भरोसा ठेवू नका. खळखळ उकळा. त्यातले जंतू उकळून मरतील. फक्त आटवू नका."

"पण नर्मदाजीचं आहे ना?"

"नळ नर्मदेचाच आहे, काकू."

काकूंनी डब्याला हळदकुंकू लावलं आणि आत घेतला. विज्ञान ज्या दारातून आत येईल त्या दारातून येऊ द्यावं, असं सर म्हणाले. मला ते पटलं नाही. अजूनही पटत नाही.

आता शिरपूरकर काकांची बारी. ओट्यावर येऊन म्हणाले, "चलो, मान लिया, नायट्रेट है. पण कुणाचं? माझ्या टाकीचं नाही, हे लिहून देतो."

मी म्हटलं, "काका, आधी बाळाचं बघा!" पण सर खूश झाले होते. योग्य प्रश्न विचारणारा विद्यार्थी त्यांना फार वर्षांनी भेटला होता. ते म्हणाले, कुणाच्या टाकीचं पाणी कुठल्या बोरिंगमध्ये उतरतं हे कळायचा सोपा मार्ग आहे. एका घराच्या संडासात पोतंभर मीठ ओतायचं आणि आजूबाजूच्या बोरिंगचं पाणी मीटरनं तपासत राहायचं. आर.ओ. विकायला येणाऱ्याकडे पाण्यातले क्षार मोजणारं पेनासारखं मीटर असतं तेच. ज्या बोरिंगचा आकडा चढेल तिथे त्या संडासाची वाट जाते. एक घर झालं, मीठ वाहून गेलं, की दुसरं घर. आणि सुरुवात शिरपूरकरांच्या टाकीपासून, कारण ती त्यांच्याच बोरिंगला सगळ्यात जवळ.

काका उखडले. "माझ्या संडासात प्रयोग? घरात बाळंतीण आहे!"

तरी सरांनी खडेमिठाचं पोतं स्कूटरवर पायाशी ठेवून आणलं. फाटकात काकूंनी गाठलं.

"हे काय आणलं, सर?"

"मीठ."

"एवढं? कशाला?"

"संडासात ओतायला."

सर खोटं कधी बोलायचे नाहीत, आणि त्यानंच घात झाला. काकूंचे डोळे मोठे झाले. बाथरूममध्ये वाटीभर खडेमीठ ठेवलं की घरातली वाईट शक्ती शोषली जाते, हे त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं आणि वाटी ठेवलीही होती. हा माणूस तर पोतं आणून राहिला. म्हणजे विषय किती खोल असेल!

"अहो, ऐकलंत का!" काकू आत धावल्या. "सोहनी सर वास्तू बघतात! आपल्याला बोलले नाहीत कधी!"

आणि जे काका विज्ञानासाठी आपल्या संडासाचं दार उघडायला तयार नव्हते, त्यांनी वास्तूसाठी ते सताड उघडलं. एवढंच झालं असतं तरी चाललं असतं. पण काकूंनी ही गोष्ट कॉलनीच्या ग्रुपवर टाकली. रविवारी सकाळी मी पोचले तर हरितकुंजात सणासारखी गडबड. घराघरांतून मिठाची पोती आत चाललेली. कुणी संडासाच्या चौकटीला तोरण बांधलेलं. कॉलनीचा चौकीदार रामसिंग पोती वाहून घामाघूम झाला होता. "मास्साब," तो मालवीत कुरकुरला, "गाम में दाळ में नाखवा सारू लूण नी बच्यो." गावात डाळीत घालायलाही मीठ उरलं नव्हतं.

सर पायजम्यावर, दारोदार धावत होते. "थांबा! ओतू नका! एका वेळी एकच घर! एकच!"

"आत्ता नको का?" एका घरातून विचारणा झाली. "मग मुहूर्त कितीचा?"

दुसऱ्या घरातल्या आजोबांनी त्यांना वाकून नमस्कार केला आणि विचारलं, मीठ ओतताना तोंड पूर्वेला करायचं की उत्तरेला. सर म्हणाले, "भिंतीकडे करा!" आजोबांनी केलं.

आठवडाभर सर मीटर घेऊन फिरले. सरांचं वरच्या अंगाचं बोरिंग सोडलं तर झाडून सगळ्या बोरिंगचा आकडा चढलेला. वरणात मीठ घालायला नको असं काकू म्हणायच्या, ही त्यांची अतिशयोक्ती; पण चहा मात्र मीही तिथे दोनदा ओतून दिला. कोणाचं कुठे जातं, या प्रश्नाला उत्तर मिळालं होतं: सगळ्यांचं सगळीकडे. "याला उत्तर म्हणत नाहीत," सर म्हणाले, "याला कोशिंबीर म्हणतात."

मला हसू आलं असतं, पण त्याच संध्याकाळी काकू सरांचा पाण्याचा डबा परत घेऊन आल्या. घासूनपुसून लखलखीत केलेला. रिकामं भांडं परत करायचं नसतं म्हणून आत मूठभर तांदूळ.

"आता दोष गेला ना, सर. बाळ काल रात्रभर झोपलं. कशाला तुम्हाला त्या स्कूटरचा त्रास? मी आपली घरच्याच पाण्यावर आलेय, पहिल्यासारखं आटवून."

सरांनी डबा घेतला. त्यांनी पुन्हा पट्ट्या दाखवल्या, काकूंनी पुन्हा महेश्वरी आठवली. मुलीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, आई करते ते बरोबरच असेल ना." सर डॉक्टरला विचारू म्हणाले, तर काकू म्हणाल्या, बाळ छान बाळसं धरतंय, डॉक्टरला काय विचारायचं? सर रोज काही ना काही निमित्त काढून शिरपूरकरांकडे जायचे. कधी लिंबं द्यायला, कधी पेपर मागायला. बाळाचं इवलंसं बोट हातात घ्यायचे, नख दाबायचे, सोडायचे, चष्मा वर करून बघायचे.

मी पेटले होते. म्हटलं, "सर, प्लॉट पाडणाऱ्याच्या नावानं पर्चा काढते. छापखान्यात जागा धरून ठेवलीय."

"त्यानं प्लॉट पाडले. मीठ त्याच्या घरातून आलं का?"

"तुम्हाला गुन्हेगार नकोच आहे!"

"हवाय. पण नावानिशी हवाय."

मध्ये जोराचे पाऊस झाले, गणपती गेले, मीठ वाहून गेलं, मीटर पूर्वीच्या आकड्यांवर आलं. सरांनी पुन्हा पोतं आणलं. पण आता कुणी संडासाचं दार उघडेना. एकदा वास्तू झाली, पुन्हा पुन्हा केली तर उलटते, असं ग्रुपवर ठरलं होतं. मग उरला एकच संडास, सरांचा. सरांनी तोही नाइलाजानं घेतला. आपली टाकी आदर्श, आपल्याच बोरिंगचं पाणी कॉलनीत सगळ्यात स्वच्छ, पट्टी शुभ्र पांढरी, हे त्यांनी कितीदा सांगितलं असेल. "आपलं नाव एकदा कटवून टाकू," म्हणाले. "म्हणजे इतरांना म्हणायला मोकळे."

पोतं ओतलं. कुंपणालगत शिरपूरकरांचा बागेचा नळ होता, तिथे मी सकाळ-संध्याकाळ मीटर धरायचं काम केलं. दोन-तीन दिवसांतच आकडा चढायला लागला. सर म्हणाले, मीटर बिघडलं. सेल बदलले. आकडा आणखी चढला. सरांनी स्वतः येऊन मोजलं, मग आपल्या बोरिंगचं मोजलं. ते टाकीच्या वरच्या अंगाला होतं, तिथे काही फरक नाही. मग पुन्हा कुंपणाशी आले. मग मागे गेले आणि गेरूच्या स्लॅबवर जाऊन बसले. मला वाटलं, म्हातारा आता रडणार.

ते हसत होते.

"पर्चेवाली, टाकी बिघडलेली नाही गं! फर्स्टक्लास चालली आहे! शोषखड्ड्याला हवा मिळते, जिवाणू खूश आहेत, जे येईल त्याचं झकास नायट्रेट बनवतात. खाली काळी माती जेमतेम, मग मुरूम, मग भेगा पडलेला दगड. तिथून सरळ उतार. टाकी वाईट बांधली असती तर वास आला असता, मी दुरुस्त केली असती. चांगली बांधली म्हणून कळलंच नाही. एवढी वर्षं मी लोकांना चहाआधी नायट्रेटचा कारखाना दाखवत होतो!"

हसणं थांबल्यावर म्हणाले, "आज मीटिंग बोलव."

"सर, सांगताना 'वरच्या बाजूची एक टाकी' असं सांगू या."

"म्हणजे नाव नाही, वास नाही, रंग नाही. नायट्रेटसारखं. नको. नायट्रेट म्हटलं तेव्हा काकूंनी ऐकलं? नाही. सोहनीचा संडास म्हटलं की ऐकतील."

मीटिंग कॉलनीच्या मारुतीच्या ओट्यावर झाली. काकू बाळाची बाटली हलवत आल्या होत्या, बाळ मुलीच्या मांडीवर. सर उभे राहिले. प्रस्तावना नाही, काही नाही.

"शिरपूरकर, तुमच्या बोरिंगमध्ये माझा संडास उतरतो. मी मोजलंय. मीठ माझ्या संडासात ओतलं, तुमच्या नळाला आलं. तुम्ही पिता ते माझं आहे."

रामसिंगनं ओढत असलेली बिडी विझवली. मग काकूंनी हातातल्या बाटलीकडे पाहिलं. झाकण काढून सगळं दूध ओट्याखाली ओतलं आणि पदरानं हात पुसले, पुन्हा पुसले.

काका उठले. "म्हणजे... मी... काच है काच म्हणून... पाहुण्यांना..."

"हो."

"जावयाला!"

"हो."

"सर, माझ्या नातवाला तुम्ही तुमचं..."

"म्हणूनच सांगतोय. आज, आत्ता."

"डबा!" काकू ओरडल्या. "मेले ते तांदूळ बाहेर काढा आणि तो डबा वापस आणा! आत्ताच्या आत्ता!"

ज्या नळाला त्या नाक मुरडत होत्या त्याचं पाणी दिवेलागणीच्या आत शिरपूरकरांच्या स्वयंपाकघरात पोचलं. पट्टीनं झालं नाही, रसायनशास्त्रानं झालं नाही, माझ्या पर्च्यांनी तर नाहीच नाही. शेजाऱ्याच्या संडासाच्या किळसेनं झालं. सरांना ते आधीच कळलं होतं आणि त्यांनी आपली आदर्श टाकी त्यावर खर्च केली होती.

त्याची शिक्षा त्यांना रीतसर मिळाली. कॉलनीत कुणी त्यांच्या घरी चहा घेईना. मूर्खपणा बघा, अख्ख्या हरितकुंजात स्वच्छ पाणी फक्त सरांच्याच बोरिंगचं, आणि तेवढंच कुणी तोंडाला लावेना. सर रोज डबा आणायचे, काकू दाराबाहेर ठेवायला सांगायच्या. काकांनी बोलणं टाकलं. सरांनी संडासाला कुलूप ठोकलं आणि राख टाकून खत करायचा कोरडा संडास बांधायला गवंडी बोलावला. गवंडी म्हणाला, बिनापाण्याचा संडास मी बांधला तर गावात माझं नाव खराब होईल. तो पुढच्या आठवड्यात येतो म्हणायचा, आणि पुढचा आठवडा कधी यायचा नाही. तोवर सर आपल्याच प्लॉटच्या टोकाला तुरीच्या ओळीमागे खुरपं घेऊन जायचे, वीतभर खड्डा करायचे, माती लोटायचे. मी भांडले. अहो, आम्ही घरोघर संडास व्हावेत म्हणून घसा कोरडा केला आणि तुम्ही खुरपं घेऊन निघालात? ते म्हणाले, "वीतभर मातीत गेलं तर तूर खाते. त्याखाली गेलं तर शिरपूरकर पितात. तूर तक्रार करत नाही."

दरम्यान त्यांनी पर्चा लिहिला. पहिल्यांदाच स्वतः. 'मी सोहनी. माझ्या सेप्टिक टँकमुळे शेजाऱ्याचं पाणी खराब झालं. तुमच्यामुळे कुणाचं होतं ते मोजा.' खाली पट्टी कशी वापरायची ते. बाळाच्या पाण्याबद्दल दोन ओळी: उकळा, आटवू नका. उद्गारचिन्ह एकही नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी कामासाठी बडवानीला गेले, आणि सर झोपेतच गेल्याचं मला फोनवर कळलं. त्यामुळे माझ्यापुरते शेवटचे सर हे त्या पर्च्यांचा गठ्ठा पोचवला त्या सकाळचे.

थंडी पडली होती. पोलोग्राउंडहून गठ्ठा घेऊन मी फाटकात शिरले तर घरामागून शिट्ट्यांचा आवाज. उघड्यावर बसणाऱ्यांना पकडायला पहाटे शिट्ट्या घेऊन फिरणारी गावातली मंडळी तुरीत घुसली होती. धावत गेले. मफलर बांधलेले सर खुरपं हातात घेऊन ताठ उभे, भोवती शिट्ट्या वाजवणाऱ्या बाया आणि पुरुष. एकीनं त्यांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. लाज वाटावी म्हणून घालतात तसा. सरांनी तो नीट सारखा केला.

"बाबूजी, सरम नी आती? इत्ते पढ़े-लिखे होके?"

"बेटी, बैठो. समझाता हूँ. नायट्रोजन का ऐसा है..."

"घर में लेट्रिन नी हे क्या?"

"है. बहुत अच्छी है. इसीलिए बंद की."

शिट्ट्या थांबल्या. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर. मी पुढे होणार इतक्यात कुंपणाकडून शिरपूरकर काका आले. बाळाला कोवळं ऊन दाखवायला निघाले होते, कानटोपीतलं बाळ खांद्यावर. पुढारी दिसणाऱ्या माणसानं विचारलं, "अंकलजी, आप जानते हो इनको? यहाँ क्यों बैठते हैं ये?"

काका सरांकडे बघत राहिले. कित्येक आठवड्यांनी पहिल्यांदा.

"हमारे पानी के वास्ते बैठते हैं," ते म्हणाले. "बैठने दो."

कुणाला काही कळलं नाही. सरांनी माझ्या हातातल्या गठ्ठ्यातले पर्चे काढून शिट्टीवाल्यांना एकेक दिला. एका बाईनं विचारलं, हार परत घ्यायचा का? मग काका दोन पावलं पुढे आले आणि कुंपणावरून बाळ सरांपुढे धरलं.

सरांनी खुरपं खाली टाकलं, हात मळलेल्या पायजम्याला पुसले, मग पुरेसे पुसले गेले नाहीत असं वाटून मागे घेतले. बाळानंच हारातला झेंडू पकडायला हात पुढे केला. सर वाकले, चष्मा कपाळावर चढवला, आणि स्वतःचा हात न लावता, फुलावर आवळलेल्या त्या इवल्याशा नखांकडे बघत राहिले. मूठ सुटली, पांढऱ्या पडलेल्या नखांत रंग भरून आला.

"राणी कलर नाही," सर काकांना म्हणाले. "साधा गुलाबी."